विली पेपनं सँडी सॅडलरला एकदाच कसं हरवलं

२९ ऑक्टोबर १९४८ ची रात्र. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉक्सिंगच्या फेदरवेट गटाचा (१२६ पौंडांपर्यंतचा, साधारण ५७ किलो) जगज्जेता विली पेप चौथ्या फेरीत खाली पडला आणि रेफरीचे दहा आकडे मोजून होईपर्यंत उठू शकला नाही. त्याआधी तिसऱ्या फेरीतही तो दोनदा आडवा झाला होता. रिंगमध्ये उतरला तेव्हा त्याच्या नावावर १३४ विजय, १ पराभव आणि १ बरोबरी होती, आणि तोवर त्याला कुणीही नॉकआउट केलेलं नव्हतं. समोरचा पोरगा होता २२ वर्षांचा सँडी सॅडलर.

साडेतीन महिन्यांनी, ११ फेब्रुवारी १९४९ ला, त्याच रिंगमध्ये त्याच सॅडलरशी पंधरा फेऱ्या लढून पेपनं किताब परत घेतला. ‘द रिंग’ या मासिकानं ती वर्षातली सर्वोत्तम लढत ठरवली. पुढे १९५० आणि १९५१ मध्ये दोघं पुन्हा भिडले आणि दोन्ही वेळा सॅडलर जिंकला. चार लढती, सॅडलरचे तीन विजय, पेपचा एक.

हा एकच विजय बहुतेक जण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात: हरलेला विजेता पेटून उठला आणि आपलं होतं ते परत मिळवलं. जिद्द होतीच. पण जिद्द १९५० मध्येही होती आणि १९५१ मध्येही होती. मग फेब्रुवारी १९४९ मध्ये असं वेगळं काय घडलं? आणि जे त्या रात्री जमलं ते पुन्हा का जमलं नाही? मला असं वाटतं की पेपची सगळी कला मोकळ्या जागेवर उभी होती. जो त्याची जागा खाईल तो त्याला हरवेल, हे सॅडलरच्याही आधी एकदा दिसून गेलं होतं. त्या फेब्रुवारीत पेपनं आपली जागा पंधरा फेऱ्या राखली, पण त्यासाठी त्याला आपल्या शैलीबाहेरच्या गोष्टी कराव्या लागल्या आणि अंगावर इतकं सोसावं लागलं, की तसं वारंवार करणं कुठल्याही शरीराला झेपलं नसतं.

पेप लढायचा कसा

त्याचं मूळ नाव गुग्लिएल्मो पापालेओ. १९ सप्टेंबर १९२२ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउन गावी सिसिलीहून आलेल्या कुटुंबात तो जन्मला आणि हार्टफर्ड शहरात वाढला. लहानपणी रस्त्यावर बूटपॉलिश करायचा. १९३८ मध्ये तो राज्याचा हौशी फ्लायवेट विजेता झाला आणि पुढच्या वर्षी बँटमवेट. त्याच सुमारास नॉर्विच गावात त्याच्याहून बऱ्याच वजनदार अशा एका पोराशी त्याची गाठ पडली. तो पोरगा तिथे दुसऱ्याच नावानं लढत होता आणि जिंकलाही. पुढे जग त्याला शुगर रे रॉबिन्सन म्हणून ओळखू लागलं.

१९४० मध्ये पेप व्यावसायिक झाला. मॅनेजर लू व्हिस्कुसी, प्रशिक्षक बिल गोर. ही त्रिमूर्ती पुढे अनेक वर्षं टिकली आणि ती टिकली म्हणूनच फेब्रुवारी १९४९ घडू शकलं, असं मी म्हणेन. गोरनं या पोराला आधी मार चुकवायला शिकवलं आणि मग मारायला. २० नोव्हेंबर १९४२ ला वयाच्या विसाव्या वर्षी पेपनं चॉकी राइट या अनुभवी आणि जबर ठोसे मारणाऱ्या विजेत्याला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवून न्यूयॉर्क कमिशनचा, म्हणजे तिथल्या बॉक्सिंगवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचा, फेदरवेट किताब घेतला.

त्याच्या ठोशात फार दम नव्हता. कारकिर्दीतल्या २२९ विजयांपैकी नॉकआउट फक्त ६५. पण त्याला मार बसायचा नाही. डाव्या हाताचा जॅब, म्हणजे सरळ झटपट ठोसा, मारून तो समोरच्याच्या आवाक्यातून निघून जायचा, आणि निघतानाही सरळ मागे नाही, तर बाजूला वळून. प्रतिस्पर्धी वळून पाहतो तोवर पेपचा पुढचा जॅब आलेला असायचा. कधी समोरच्याच्या खांद्याला वा कोपराला हलका धक्का देऊन त्यालाच गिरकी घ्यायला लावायचा आणि स्वतः त्याच्या पाठीशी जाऊन उभा राहायचा. अमेरिकी पत्रकार त्याला ‘विल ओ द विस्प’, म्हणजे हाती न लागणारा चकवा, म्हणत.

याच शैलीतून एक दंतकथा जन्मली. २५ जुलै १९४६ ला मिनियापोलिसमध्ये जॅकी ग्रेव्हज याच्याविरुद्ध पेपनं एकही ठोसा न मारता तिसरी फेरी जिंकली, अशी ती कथा. आजही ती बॉक्सिंगवरच्या प्रत्येक दुसऱ्या लेखात असते. पण अभ्यासकांनी तिच्यावर गंभीर शंका घेतल्या आहेत आणि मलाही ती शब्दशः खरी वाटत नाही. मात्र ती पेपबद्दलच सांगितली गेली, दुसऱ्या कुणाबद्दल नाही. त्याच्या बचावाची ख्याती किती होती ते यातून कळतं.

पहिली चाहूल: सॅमी अँगॉट

सॅडलरच्या आधीचा तो एकमेव पराभव नीट पाहायला हवा, कारण पेपच्या चरित्रांतून तो बहुधा एका ओळीत उरकला जातो. पहिल्या ६२ लढती सलग जिंकल्यावर १९ मार्च १९४३ ला पेप सॅमी अँगॉटकडून दहा फेऱ्यांत गुणांवर हरला. किताब पणाला नव्हता. अँगॉट लाइटवेट गटाचा माजी जगज्जेता होता, म्हणजे एक गट वरचा. ‘वजनात मार खाल्ला’ एवढंच कारण सहसा सांगितलं जातं.

पण अँगॉटची ख्याती कशासाठी होती? धरण्यासाठी. त्याचं टोपणनावच ‘द क्लच’ होतं. ठोसा मारायचा आणि लगेच मिठीत घ्यायचं, समोरच्याचे हात अडकवायचे, अंगाचा भार टाकायचा, रेफरीनं सोडवलं की पुन्हा तेच. बघायला कंटाळवाणं, पण पेपसारख्या खेळाडूला हेच नेमकं जड जातं. कबड्डीत चढाईला गेलेला कितीही चपळ असो, एकदा घोटा हाती लागला की त्याच्या चपळाईचा उपयोग संपतो. पेपचं अँगॉटसमोर तसं झालं. या पराभवानंतर तो पुन्हा ७३ लढती अजिंक्य राहिला. त्यात युद्धकाळातली आरमार आणि लष्कर या दोन्हींतली नोकरी आली. ७ जून १९४६ ला साल बार्टोलोला बाराव्या फेरीत बाद करून त्यानं दोन संघटनांत विभागलेला फेदरवेट किताब एकत्र केला, तोही याच काळात. एवढ्या यशात अँगॉटनं दाखवलेली फट झाकली गेली.

विमान

५ जानेवारी १९४७ ला मायामीहून नेवार्ककडे निघालेलं भाड्याचं विमान हिमवादळात भरकटून न्यू जर्सीतल्या मिलव्हिलजवळच्या रानात कोसळलं. काही प्रवासी दगावले. पेप वाचला, पण पायाचं हाड मोडलं आणि पाठीचे दोन मणके तडकले. महिनोन् महिने तो प्लास्टरमध्ये होता. तो पुन्हा लढेल अशी अपेक्षा फारशी कुणाला नव्हती.

१७ जून १९४७ ला, म्हणजे साडेपाच महिन्यांच्या आत, तो हार्टफर्डमध्ये दहा फेऱ्या लढून व्हिक्टर फ्लोरेसवर विजय मिळवत होता. ऑगस्टमध्ये मिशिगनमधल्या फ्लिंटला जॉक लेस्लीला बाराव्या फेरीत बाद करून त्यानं किताब राखला आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये मायामीत हुंबर्तो सिएराला दहाव्या फेरीत.

अपघातानंतरचा पेप आधीचा राहिला नव्हता, असं त्याला जवळून पाहणारे अनेक जण म्हणत. मला हे पटतं, पण त्याचा अर्थ जपून लावायला हवा. अपघातानंतर पहिल्या सॅडलर लढतीपर्यंत तो दोन डझनांच्या आसपास लढती लढला आणि सगळ्या जिंकला. पाय कमी पडत असतील तर ते या प्रतिस्पर्ध्यांसमोर उघडं पडलं नाही. पूर्वीच्या पेपकडे जी थोडी जादा गती होती, चूक झाली तरी निसटून जाण्याइतकी, तेवढीच बहुधा गेली होती. तिची गरज पडावी असा माणूस अजून समोर आला नव्हता.

सॅडलर

सँडी सॅडलर बॉस्टनमध्ये २३ जून १९२६ ला जन्मला आणि न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढला. उंची पाच फूट साडेआठ इंच, पेपपेक्षा तीन इंच जास्त. फेदरवेटमध्ये एवढी उंची म्हणजे काटकुळा देह, लांबलचक हात. अशा बांध्याचा खेळाडू लांबून लढेल असं कुणालाही वाटेल. सॅडलरचं उलट होतं. लांब डावा हात तो समोरच्याला अडवायला, ढकलायला आणि मानेमागून धरायला वापरायचा, आणि जवळ आल्यावर दुसऱ्या हातानं खालून अपरकट किंवा पोटात हुक, म्हणजे बाजूनं वळवलेला ठोसा, घालायचा. अंगठा, कोपर, हातमोज्याची आतली बाजू, काहीही त्याला वर्ज्य नव्हतं. आणि ठोशात विलक्षण ताकद: कारकिर्दीत १४४ विजय, त्यातले १०३ नॉकआउट. कुठल्याही वजनगटात हा आकडा दुर्मीळ आहे, फेदरवेटमध्ये तर फारच.

एक गंमतीशीर योगायोग असा, की १९४४ मध्ये सॅडलर व्यावसायिक झाला आणि दुसऱ्याच लढतीत नॉकआउट झाला. त्याला पाडणारा तोच जॉक लेस्ली, ज्याला पेपनं फ्लिंटमध्ये बाद केलं. सॅडलर त्यानंतर आयुष्यात पुन्हा कधी नॉकआउट झाला नाही. पेपच्या बाजूच्या लोकांनी हा जुना निकाल पाहून त्याला हलकं लेखलं असेल, तर त्यात नवल नाही.

एकूण पाहता सॅडलरकडे अँगॉटची पकड होती आणि वर अँगॉटकडे नसलेला ठोसा होता. पेपला ज्याची भीती वाटायला हवी होती, तो हाच.

ऑक्टोबर १९४८

पहिल्या लढतीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ती फार चालली नाही. सॅडलर सुरुवातीपासून पुढे सरकत राहिला, पेप आपल्या नेहमीच्या वळणांनी निघायला बघत होता आणि दर वेळी एक हात त्याच्या वाटेत येत होता. तिसऱ्या फेरीत दोनदा खाली, चौथ्यात संपलं. इतका मोठा विजेता इतक्या लवकर पडतो म्हटल्यावर सट्ट्याच्या, ठरवून हरल्याच्या अफवा उठल्याच. मला त्यांत तथ्य वाटत नाही. पुढच्या तिन्ही लढती पाहिल्या की कळतं, सॅडलरला पेपला पाडायला कुणाच्या मदतीची गरज नव्हती.

अकरा फेब्रुवारी

दुसऱ्या लढतीला गार्डनमध्ये १९,०९७ प्रेक्षक होते आणि तिकिटांचे ८७,५६३ डॉलर जमले. फेदरवेटसारख्या हलक्या गटासाठी तेव्हा ही मोठी रक्कम होती. बहुतेकांना वाटत होतं, सॅडलर पुन्हा पाडणार.

पहिल्या फेरीत पेपनं जे केलं ते या प्रकरणाचा गाभा आहे. त्यानं जॅबचा अक्षरशः मारा केला. एकही उलट ठोसा न खाता सलग ३७ जॅब, असा आकडा त्या लढतीच्या वर्णनांत नेहमी येतो. नेमका आकडा बाजूला ठेवला तरी हेतू दिसतो. नेहमीचा पेप समोरच्याला यायला लावायचा आणि मग चुकवायचा. या वेळी त्यानं सॅडलरला येऊच दिलं नाही. सॅडलरचा डावा हात धरायला पुढे येण्याआधी पेपचा डावा हात तोंडावर आपटत होता. हात लांब असून उपयोग काय, जर समोरचा आधी मारत असेल? तीन इंचांची कमतरता पेपनं वेळेच्या हिशेबात भरून काढली.

दुसरी गोष्ट. पेप त्या रात्री स्वतः धरत होता. सॅडलर जवळ आलाच, तर पेप त्याच्याआधी त्याचे हात कवटाळायचा, त्याला गिरकी द्यायचा, पायावर पाय द्यायचा, आणि रेफरी सोडवेल तेव्हा पुन्हा मोकळ्या जागेत असायचा. पेपचे भक्त हा भाग सांगायला कचरतात. सॅडलर धसमुसळा आणि पेप कलावंत, अशी विभागणी त्यांना सोयीची वाटते. पण पेप या बाबतीत काही साधुसंत नव्हता आणि त्या रात्री त्यानं आपल्याजवळचं प्रत्येक हत्यार वापरलं. माझ्या मते यात त्याचं मोठेपणच दिसतं. साडेतीन महिन्यांपूर्वी ज्या पकडीनं आपल्याला संपवलं, तीच आपण आधी वापरायची, फक्त तिच्या आडून ठोसा मारायचा नाही, निसटायचं. इतकी उलट मांडणी करायला आणि ती पंधरा फेऱ्या निभवायला फार थंड डोकं लागतं. इथे बिल गोरचा हात नक्की असणार. पेपला सुरुवातीपासून घडवणाऱ्यालाच त्याच्या सवयी एवढ्या नेमक्या मोडता येतात.

तिसरी गोष्ट क्वचितच बोलली जाते: गुणांकनाची पद्धत. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा फेऱ्या मोजत. जो फेरी जिंकेल त्याला ती फेरी, बस. आजच्या दहा गुणांच्या पद्धतीत एखाद्यानं समोरच्याला पाडलं तर त्या फेरीत जास्तीचा गुण कापला जातो आणि अंतर वाढतं. फेऱ्या मोजण्याच्या पद्धतीत मात्र जॅबवर जेमतेम जिंकलेली फेरी आणि समोरच्याला लडखडवून जिंकलेली फेरी यांची किंमत एकच. सॅडलरनं त्या रात्री जिंकलेल्या फेऱ्यांत पेपला अतोनात त्रास दिला. पेपनं जिंकलेल्या फेऱ्यांत सॅडलरचं तसं फार काही बिघडलं नाही. पण मोजणी झाली तेव्हा रेफरी आणि दोन पंच यांची पत्रकं होती १०-५, ९-५ (एक फेरी बरोबरीची) आणि ९-६. तिन्ही पेपच्या बाजूनं. पेपच्या कोपऱ्यात बसलेल्यांना हे गणित पाठ होतं. लवकर जास्तीत जास्त फेऱ्या गोळा करायच्या आणि शेवटी फक्त उभं राहायचं.

आणि शेवट तसाच झाला. लढत जसजशी पुढे सरकली तसतसे सॅडलरचे ठोसे बसू लागले. मधल्या आणि शेवटच्या टप्प्यांत पेप अनेकदा हादरला. गालावर, डोळ्यांभोवती जखमा झाल्या, चेहरा रक्तानं माखला. चौदाव्या फेरीत तो पडेल असं वाटत होतं. तो मिठी मारून टिकला, आणि शेवटच्या फेरीत पुन्हा लढला. निकाल जाहीर झाला तेव्हा विजेत्याचा चेहरा हरलेल्याहून कितीतरी वाईट दिसत होता. नंतर टाके घालावे लागले.

ज्याच्या अंगाला हात लागत नाही अशी ज्याची ख्याती, त्याच्या सर्वांत मोठ्या विजयात त्याला सर्वांत जास्त मार बसला. म्हणूनच ‘जुना पेप परत आला’ असं त्या लढतीबद्दल म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही. जुन्या पेपनं ऑक्टोबरमध्येच हार खाल्ली होती. फेब्रुवारीत जिंकला तो वेगळा, आपल्या कमी झालेल्या गतीची जाण असलेला, जखमा सोसायची तयारी करून आलेला खेळाडू होता. मला हा पेप १९४२ च्या पेपपेक्षा जास्त आवडतो.

मग पुन्हा का नाही?

पुढचं वर्षभर पेपनं तीन वेळा किताब राखला: वॉटरबरीत एडी कॉम्पो, सेंट लुइसमध्ये चार्ली रायली आणि मार्च १९५० मध्ये गार्डनवर फ्रान्सचा रे फामेशाँ. दरम्यान सॅडलरनं डिसेंबर १९४९ मध्ये क्लीव्हलँडला फेदरवेटहून थोड्या वरच्या ज्युनियर लाइटवेट गटाचा किताब मिळवला. तो वाढत होता. पेप सत्तावीस वर्षांचा होता, पण तोवर दीडशेच्या वर लढती त्याच्या अंगावरून गेल्या होत्या.

८ सप्टेंबर १९५० ला यँकी स्टेडियमवर ३८ हजारांहून जास्त लोक जमले. सॅडलरनं तिसऱ्या फेरीत पेपला पाडलं, पण पेप उठून पुन्हा फेऱ्या गोळा करू लागला. सात फेऱ्या संपल्या तेव्हा गुणांवर तो पुढे होता, म्हणजे फेब्रुवारीचंच गणित चालू होतं. फरक एवढाच, की सॅडलरनं आता मिठीतच काम काढायचं ठरवलं होतं. सातव्या फेरीच्या शेवटी दोघं एकमेकांत अडकलेले असताना पेपचा खांदा निखळला आणि आठव्या फेरीला तो उठू शकला नाही. सॅडलरनं हात पिरगाळला असं पेपचं म्हणणं. सॅडलरच्या बाजूनं ठोशांचा परिणाम. मला वाटतं, कारण काहीही असो, ठिकाण महत्त्वाचं आहे: मिठीत. पेपनं फेब्रुवारीत ज्याला आसरा बनवलं होतं तिथेच सॅडलरनं त्याला गाठलं.

२६ सप्टेंबर १९५१, पोलो ग्राउंड्स. ही चौथी लढत बॉक्सिंगच्या इतिहासातल्या सर्वांत गलिच्छ लढतींत गणली जाते आणि तिचं चित्रीकरण पाहिलं की त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. दुसऱ्या फेरीत पेप पडला, उजव्या डोळ्याला जखम झाली. मग धरणं, ढकलणं, पाय अडकवणं, अंगठे डोळ्यांत घालणं, मान आवळणं. दोघांना सोडवताना रेफरी रे मिलरही एकदा त्यांच्यासोबत जमिनीवर गेला. नवव्या फेरीनंतर पेपनं डोळ्यामुळे पुढे लढायला नकार दिला. न्यूयॉर्कच्या कमिशननं पेपचा परवाना रद्द केला आणि सॅडलरला अनिश्चित काळासाठी निलंबित केलं.

या शेवटच्या दोन लढतींची एक बाजू मला महत्त्वाची वाटते. दोन्ही वेळा पेप ठोशानं दहा आकड्यांपर्यंत पडून राहिला नाही. एकदा खांद्यानं आणि एकदा डोळ्यानं त्याला थांबवलं. फेब्रुवारीच्या योजनेत शरीर पंधरा फेऱ्या टिकणं गृहीत धरलेलं होतं. डोकं, पाय, जॅब, गुणांचा हिशेब सगळं चालू राहिलं. शरीराचा एकेक अवयव मात्र आधीच संपावर गेला. योजना चुकली नाही, तिच्यासाठी लागणारं शरीर उरलं नाही. आणि समोर असा माणूस होता ज्याला पेपचं उत्तर एकदा पाहून पुरलं.

याबद्दल सॅडलरला त्याचं श्रेय क्वचित मिळतं. पेपच्या शैलीचं इतकं कौतुक झालं की त्याला तीनदा हरवणारा माणूस नुसता धटिंगण म्हणून उरला. हे अन्यायाचं आहे. पेपला धरता येतं हे अँगॉटनं दाखवलं होतं, पण त्याला धरून मोडता येतं हे सॅडलरनं शोधलं, आणि दुसऱ्या लढतीत हरल्यावर आपली पद्धतही सुधारली. हे बुद्धीचंच काम आहे.

नंतर

पेप पुढेही लढत राहिला. जुगारात पैसे जायचे, आणि लढणं हे एकच काम त्याला येत होतं. न्यूयॉर्कबाहेरच्या लहान शहरांत तो जिंकत राहिला. १९५२ मध्ये बॉस्टनला टॉमी कॉलिन्सनं सहाव्या फेरीत थांबवलं. फेब्रुवारी १९५४ मध्ये गार्डनवर लुलू पेरेझविरुद्ध दुसऱ्याच फेरीत तो बाद झाला आणि त्या लढतीभोवती संशयाचं धुकं कायमचं राहिलं. पेप ठरवून हरला, असं १९८० मध्ये एका मासिकानं छापलं, पेपनं बदनामीचा दावा केला, पण १९८४ मध्ये ज्युरीनं निकाल मासिकाच्या बाजूनं दिला. पेपनं आरोप शेवटपर्यंत नाकारला. सप्टेंबर १९५८ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, नायजेरियाचा विद्यमान जगज्जेता होगन बॅसी याच्याविरुद्ध तो बॉस्टनमध्ये आठव्या फेरीपर्यंत गुणांवर पुढे होता, नवव्यात पडला. किताब पणाला नव्हता. १९५९ मध्ये त्यानं थांबायचं ठरवलं, १९६५ मध्ये पुन्हा उतरला आणि १६ मार्च १९६६ ला व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये शेवटची लढत हरला. एकूण २४१ लढती: २२९ विजय, ११ पराभव, १ बरोबरी. अकरातले तीन पराभव सॅडलरकडून.

रेफरी म्हणूनही त्यानं काम केलं. जुलै १९६९ मध्ये सिडनीत जॉनी फामेशाँ आणि मासाहिको ‘फायटिंग’ हाराडा यांच्या फेदरवेट किताबाच्या लढतीत तो एकटाच गुण देणारा होता. त्यानं आधी दोघांचे हात उंचावून बरोबरी दाखवली; मग पत्रक तपासल्यावर फामेशाँ एका गुणानं जिंकल्याचं निघालं. हा जॉनी म्हणजे पेपनं १९५० मध्ये हरवलेल्या रे फामेशाँचा पुतण्या.

सॅडलरची कारकीर्द १९५६ मधल्या टॅक्सीच्या अपघातानं संपवली. डोळ्याला इजा झाली आणि १९५७ मध्ये, तिशीतच, जगज्जेता असताना त्याला निवृत्त व्हावं लागलं. पुढे हेवीवेट जगज्जेता झालेल्या जॉर्ज फोरमनच्या सुरुवातीच्या तयारीत त्याचा वाटा होता. तो सप्टेंबर २००१ मध्ये गेला. पेप शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशानं आजारी होता आणि २३ नोव्हेंबर २००६ ला कनेक्टिकटमधल्या रॉकी हिल इथे, वयाच्या ८४ व्या वर्षी वारला. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेमनं पहिल्या तुकडीत दोघांनाही घेतलं होतं.

फेदरवेटच्या सर्वकालीन क्रमवारीत पेपला सॅडलरच्या वर ठेवणारे आजही पुष्कळ आहेत. दोनशेहून जास्त विजयांचं वजन पाहता त्यांच्याशी वाद घालणं अवघड आहे. पण ‘समोरासमोर कोण चांगला’ असं कुणी विचारलं, तर पेपवर एवढं प्रेम असूनही माझं उत्तर सॅडलर असंच आहे, आणि पेपच्या सगळ्या लढतींतली एकच पाहायची असेल तर ती फेब्रुवारी १९४९ चीच पाहावी, असंही मी सांगेन.